शेवटचा हात
एका लाकडी नंदीवरच्या पारदर्शक थरांचा इतिहास

१

आमच्या आंजीच्या घरात एक लाकडी नंदी आहे. वीतभराहून थोडा उंच, सागाचा, चार चाकांच्या पाटावर उभा. त्याची शिंगे दोनदा मोडून चिकटवलेली आहेत आणि एक चाक मागाहून बसवलेले आहे. पणजोबांनी तो आर्वीच्या एका सुताराकडून करून आणला होता, एवढेच घरात ठाऊक आहे. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तो माळवदाखालच्या कोनाड्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला असतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाहेर येतो, पुसला जातो, कुंकू लावून घेतो आणि घरातल्या सगळ्यांत लहान पोराच्या हाती दिला जातो. त्याचे घरातले नाव ‘तांबडा’. वडिलांच्या तोंडी तांबडा, आत्याच्या तोंडी तांबडा, माझ्या मुलांच्या तोंडीही तांबडा.

हा लेख त्या नावाबद्दल आहे, आणि ते नाव ज्याच्यामुळे पडले त्या गोष्टीबद्दल. रंगकामात जिला सर्वांत कमी मान मिळतो ती ही गोष्ट, म्हणजे रंगावर शेवटी दिला जाणारा पारदर्शक हात. रोगण म्हणा, पॉलिश म्हणा, वार्निश म्हणा. हा हात दिसू नये म्हणूनच दिलेला असतो. त्यामुळे त्याचा इतिहासही सहसा कोणी लिहीत नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, लहान मुलांचा तान्हा पोळा. मुले लाकडी बैल सजवून आणतात, तोरणाखाली ओळीने उभी राहतात, घरोघर जाऊन बोजारा गोळा करतात. नागपूरच्या परंपरेत या प्रथेचे श्रेय दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना दिले जाते आणि १८०६ हे साल सांगितले जाते. आमच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा तर मोठमोठ्या नंद्यांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या मोठ्या आंजीत एवढा थाट नसतो. पण लाकडी बैल घरोघरी असतो.

तान्ह्या पोळ्याचा नंदी हे खेळणे आहे तसे ते बैलाचे प्रमाणबद्ध लहान रूपही आहे. चांगला सुतार वशिंड, गळ्याची पोळी, खुरांची फट आणि शेपटीचा गोंडा मापात काढतो. तो डोळ्यांसमोरचा बैल पाहूनच काढतो. आणि इथेच मला पहिली शंका आली. आमच्या भागाचा बैल म्हणजे गवळाऊ. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतले हे देशी वाण; अंगाने हलके, चालीला चपळ, मराठ्यांच्या फौजांच्या वाहतुकीत कामी आलेले. त्याच्या पैदाशीसाठी हेटीकुंडीला सरकारी केंद्र आहे. आणि गवळाऊ पांढरा असतो. बैल मानेकडे व वशिंडाकडे फार तर राखाडी. मग आर्वीच्या सुताराने आमच्या पणजोबांना तांबडा बैल का करून दिला?

२

या प्रश्नाकडे मी वळलो तो माझ्याच एका जुन्या अपराधामुळे. मी नववीत असताना तान्ह्या पोळ्याला नंदी सजावटीची स्पर्धा होती. तांबडा तेव्हा काळवंडलेला, कुठे कुठे चिकट झालेला होता. मी खाऊचे पैसे जमवून वर्ध्याहून पारदर्शक लॅकरची छोटी बाटली आणि थिनर आणले. मोटारींना मारतात तेच, दुकानात मिळेल ते. पोळ्याच्या सकाळी ओसरीत बसून मी तांबड्याला एक भरघोस हात दिला. बाहेर चार दिवसांची झड लागलेली. पाच-सात मिनिटांत नंदीच्या पाठीवर दुधाची साय धरावी तसा पांढरा पापुद्रा धरला. मानेजवळ, जिथे जुना थर पातळ होता, तिथे खालचा रंग सुरकुतला. मी रडकुंडीला आलो.

मागच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडे नंदी घेऊन पळालो. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “बापू, झडीत लॅकर मारते का कोणी? पाणी पेलं त्यानं.”

पाणी प्यायले हे अक्षरशः खरे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. लॅकरमधला द्रव फार लवकर उडतो. उडताना तो पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग आसपासच्या हवेपेक्षा थंड होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर पाण्याच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपात बसते. ओल्या थरात ते पाणी शिरले की विरघळलेले द्रव्य फुटते. थरात असंख्य बारीक पोकळ्या राहतात, त्यांवरून उजेड विखुरतो आणि पारदर्शक थर पांढरा दिसू लागतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचेही हेच होते. जितके थिनर जलद, तितकी साय जाड.

मानेच्या सुरकुत्यांचे कारण वेगळे होते. थिनर हा तीव्र द्रावक आहे; तेलाच्या रंगावर तो ओतला की खालचा रंग फुगून उचलला जातो. सौम्य थरावर तीव्र थर चढवू नये, हा रंगाऱ्यांचा साधा नियम मी मोडला होता. सुतारकाकांनी सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका हात फिरवून बरीचशी साय घालवली. खाचांत ती अजून आहे.

तान्हा पोळा येतो तो मात्र नेमका या झडीच्या दिवसांत. म्हणजे पारदर्शक हात देण्यासाठी वर्षातला सर्वांत वाईट आठवडा आणि तो देण्याची सर्वांत मोठी निकड एकाच वेळी येतात. मग आधीच्या पिढ्या काय करीत? आत्याला विचारले. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, तिचे बालपण याच घरात गेले. ती म्हणाली, “बाबा उन्हाळ्यातच हात मारून ठेवत त्याले. चैतात. मंग कोनाड्यात.”

आणि कशाचा हात? “लाखेचा. अन् त्याच्या आधी तेलाचा असे म्हणत.”

लाख आणि तेल. तांबड्याच्या अंगावरचा सगळा इतिहास या दोन शब्दांत होता.

३

लाख ही एका इवल्या किड्याची निर्मिती. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाक्षाकीटक हजारोंनी चिकटून बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच करतात. पळस-बोरावरच्या जातीला रंगीनी आणि कुसुमावरच्या जातीला कुसुमी म्हणतात. फांदीवरून खरवडलेली ती काडीलाख, कुटून धुतली की दाणालाख. ही दाणालाख लांबलचक कापडी पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर पिळतात. वितळून बाहेर आलेली लाख कारागीर हात, पाय आणि दात वापरून चादरीसारखी ताणतो. तिचे तुकडे म्हणजे चपडा किंवा चपडी. विदर्भात गोंदिया ही लाखेची मोठी पेठ होती. लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली खास संस्था स्थापन झाली.

आपल्याकडे लाखेचा वापर फार जुना आहे. महाभारतातले लाक्षागृह सर्वांना आठवते. ‘ऐन-इ-अकबरी’त चिकांच्या पडद्यांना द्यायच्या लाखेची प्रमाणे दिली आहेत: तांबड्यासाठी चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ, पिवळ्यासाठी हिंगुळाऐवजी हरताळ. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन याने १५९६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लाखेने रंगवलेल्या लाकडी वस्तूंची हकीकत लिहिली आहे. लाकूड फिरत असताना त्यावर लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर सारखी बसते. सावंतवाडीची लाकडी खेळणी, पोळपाट-लाटणी, पाळण्यावरची चिमणाळी यांच्या मागे हीच कला आहे.

पण यात एक अडचण आहे. कातता येते अशा गोल वस्तूलाच हा हात देता येतो. नंदी कातलेला नसतो, कोरलेला असतो. त्याला वशिंड आहे, कान आहेत. त्यावर लाख चढवायची तर ती आधी पातळ केली पाहिजे. लाख पाण्यात विरघळत नाही. टाकणखार घातलेल्या गरम पाण्यात विरघळते, आणि स्पिरिटमध्ये तर सहज. स्पिरिटमधली लाख युरोपात सतराव्या शतकापासून गाजत होती. स्टॉकर आणि पार्कर या दोघांनी १६८८ साली इंग्लंडात छापलेल्या पुस्तकात दाणालाखेच्या आणि चपडीच्या रोगणांच्या कृती आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये कापसाच्या बोळ्याने शंभर-शंभर पातळ थर घासून चढवण्याची रीत रूढ झाली आणि ‘फ्रेंच पॉलिश’ या नावाने जगभर गेली. लाख हिंदुस्थानातली, नाव मात्र फ्रेंच. खुर्च्या, टेबले आणि कपाटे यांच्याबरोबर हे पॉलिश आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी आले आणि सुतारांच्या हाती पडले.

स्पिरिटचा आणखी एक पदर इथे सांगायला हवा. पॉलिशचे स्पिरिट म्हणजे अखेर दारूच, फक्त विषारी करून पिण्यास अयोग्य केलेली. तरीही लोक ती पीत. म्हणूनच १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने फ्रेंच पॉलिश, रोगण, लॅकर अशा मिश्रणांनाही आपल्या कक्षेत घेतले. आमचा वर्धा जिल्हा गांधी-विनोबांचा, त्यामुळे १९७०च्या दशकापासून दारूबंदीचा. मला आठवते, सुतारकाका स्पिरिटची बाटली कुलपात ठेवीत, आणि चोरापेक्षा त्यांना शेजाऱ्याचीच काळजी असे.

लाखेचा हात झटपट वाळतो. तो फार पातळ देता येतो, आणि मुख्य म्हणजे दुरुस्त करता येतो. नवा थर जुन्या थरात मुरतो, कारण नव्यातले स्पिरिट जुन्याला किंचित विरघळवते. म्हणून दरवर्षी एक हात देणे शक्य होते. दोष दोन. पाणी पडले की पांढरा डाग उमटतो. आणि न उजळलेली लाख स्वतःच नारिंगी-तपकिरी असते. एक थर दिसत नाही. दहा थर दिसतात. चाळीस थर म्हणजे रंगच.

४

आता तेल. आत्या जे तेल म्हणाली ते जवसाचे. जवस हे आमच्या काळ्या रानातले रब्बीचे पीक. निळ्या फुलांचे, आणि चटणीमुळे सर्वांच्या ओळखीचे. जवसाच्या तेलाचा गुण असा की ते उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल लाकडाला लावले तर महिनोन् महिने ओशट राहते. जवसाचे तेल मात्र काही दिवसांत कातड्यासारखा पापुद्रा धरते. मुरदाडशिंग घालून ते उकळले की आणखी लवकर वाळते. हेच रंगाऱ्यांचे बेलतेल. वाळण्याच्या या क्रियेत उष्णता निघते. म्हणून जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर ते आपोआप पेट घेतात. आमच्याकडे ते अंगणात पसरून वाळवण्याची शिस्त होती. कारण कोणी सांगत नसे, पण शिस्त होती.

या तेलाने एके काळी आमचा मुलूख जगाशी जोडला होता. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला, १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि दोनच वर्षांत सुएझ कालवा खुला झाला. हिंगणघाटचा कापूस त्या वाटेने गेला हे शाळेत शिकवतात. मध्यप्रांताचा जवसही त्याच वाटेने गेला, हे फारसे सांगितले जात नाही. मुंबई बंदरातून गेलेला टपोऱ्या दाण्याचा जवस बाहेर ‘बॉम्बे’ याच नावाने विकला जाई. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे हल हे शहर तेलबियांच्या गाळपाचे आणि रंगांच्या कारखान्यांचे मोठे ठाणे होते. जहाजांचे रंग, घरांचे रंग, वार्निशे आणि १८६३ साली पेटंट झालेले लिनोलियम या सगळ्यांना जवसाचे तेल लागे.

वार्निशात तेलाबरोबर राळ लागते. तिच्यातही मुंबईचे नाव होते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जमिनीतून खणून काढलेला चंद्रस झांजिबारहून मुंबईला येई आणि इथून पुढे जाई. म्हणून युरोपात त्यालाही ‘मुंबईचा’ म्हणत. या चंद्रसाच्या खड्यावर अंगावर काटा यावा तशी बारीक पुरळ असते, तिच्यावरून तो ओळखला जाई. म्हणजे आमच्या शेतातला जवस आणि झांजिबारचा चंद्रस मुंबईहून जहाजात चढत, विलायतेत एकत्र शिजत आणि डब्यात भरून पुन्हा आमच्या बाजारात येत. आर्वीच्या सुताराने डब्यातले वार्निश वापरले की तेल्याच्या घाण्यावरचे तेल घरीच उकळले, हे आज सांगता येणार नाही. पण पुढे १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले आणि कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथे बैलघाण्याच्या सुधारणेचे प्रयोग झाले, त्यामागे हाच प्रश्न होता: गावचे बी गावाबाहेर जाऊन माल बनून परत का यावे?

जवसाच्या तेलाचा एक दोष मात्र नंदीच्या गोष्टीत निर्णायक ठरला. ते पिवळे पडते. आणि ते उजेडात कमी, अंधारात जास्त पिवळे पडते. उन्हात ठेवले तर पिवळेपणा थोडा उतरतोसुद्धा. आता आमचा नंदी आठवा: वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस कोनाड्यात, फडक्यात, अंधारात. आम्ही त्याला जपत होतो आणि त्या जपण्यानेच तो पिवळा पडत होता.

५

एखादा पारदर्शक थर आपल्याला भलतेच काही शिकवू शकतो, हे मानायला मन सहज तयार होत नाही. पण याची मोठी उदाहरणे आहेत. ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांटने १६४२ साली काढलेले एक भव्य चित्र आहे. लोक त्याला ‘नाइट वॉच’, रात्रीचा पहारा, म्हणतात. चित्रात रात्र नाही. वार्निशाचे थर काळवंडत गेले, चित्र अंधारले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस कोणीतरी त्याला हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६-४७ मध्ये, ते वार्निश काढले तेव्हा दिवसाचा उजेड बाहेर आला. नाव मात्र बदलले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे, अजिंठ्याचे. तिथली चित्रे कोरड्या गिलाव्यावर डिंक-सरसात कालवलेल्या रंगांनी काढलेली, बिनचकाकीची. १८१९ नंतर ती पुन्हा लोकांच्या नजरेत आली. १८४४ पासून रॉबर्ट गिल आणि १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून नकला केल्या. धुळीने मंद झालेली रेघ उठून दिसावी म्हणून त्या काळात मूळ भिंतींवरच वार्निश फिरवले गेले. ओले असताना ते खरोखर उजळ दिसले असणार. दैव असे की गिलच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या आणि ग्रिफिथ्सच्या पुष्कळशा १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत. नकला गेल्या, वार्निश मात्र भिंतींवर राहिले.

१९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा भिंतीला पक्का केला, पोपडे बसवले, चित्रे वाचवली, आणि रंग धरून राहावा म्हणून चपडीचे द्रावण वापरले. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच होते. पण चपडी पिवळी पडली, तिने धूळ आणि धूर धरला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांना पुढे अनेक दशके हे थर इंच इंच करून उतरवावे लागले. १९९९ नंतर दहाव्या लेण्यात झालेल्या अशा कामातून अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी काही पुन्हा दिसू लागली. चित्रांच्या ज्या सोनेरी-तपकिरी मंद छटेला कित्येक रसिक ‘अजिंठ्याचा रंग’ मानत आले, तिच्यात लाखेचाही वाटा होता.

संग्रहालयांनी या सगळ्यातून एक नियम शिकला: शेवटचा हात असा निवडावा की पुढच्याला तो खालच्या रंगाला न दुखवता काढता यावा. म्हणजे वरच्या थराचा द्रावक असा हवा की तो खालच्या थराला विरघळवणार नाही. या कसोटीवर जवसाचे तेल नापास होते. ते एकदा घट्ट झाले की पुन्हा विरघळत नाही. लाख सुरुवातीला पास होते, पण फार जुनी झाली की तीही हट्टी होते आणि स्पिरिटला दाद देत नाही. आजचे दोन भाग मिसळून द्यायचे पॉलियुरेथेनचे थर पाणी, तेल, कुंकू सगळे सोसतात. पण ते काढायचे म्हणजे खालच्या रंगासकट घासायचे. टिकाऊपणा आणि उलटवता येणे या दोन गुणांचे सहसा पटत नाही.

६

गेल्या उन्हाळ्यात मी तांबड्याकडे या नजरेने पाहायला बसलो. रात्री दिवे मालवून नोटा तपासायचा जांभळा दिवा त्याच्यावर धरला. त्या उजेडात जुनी लाख नारिंगी चमकते. तांबडा निखाऱ्यासारखा पेटला. खुरांच्या फटीत, कानांमागे, गळ्याच्या पोळीखाली, सगळीकडे नारिंगी. मग पोटाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, जुन्या चवलीएवढी खिडकी उघडायची ठरवली. वरचा माझा लॅकरचा थर पात्याने खरवडला. खालची लाख स्पिरिटच्या बोळ्याने चार संध्याकाळी थोडी थोडी उतरवली. बोळा चहासारखा रंगत होता. त्याखाली मधासारखा पिवळा, स्पिरिटला न बधणारा पापुद्रा लागला. तेच ते तेल. तोही पात्याने अगदी हलके काढला.

खाली पांढरा होता.

एवढ्यावर निष्कर्ष काढणे चुकीचे ठरले असते. रंगाआधी लाकडाला खडू आणि सरसाचे पांढरे अस्तर देतात. मला दिसले ते अस्तरही असू शकले असते. पण अस्तर ओल्या बोळ्याने सुटते, हा पांढरा सुटला नाही. आणि खिडकीच्या कडेला पोटपट्ट्याची एक हिरवी रेघ आली, जी बाहेरून आम्हाला कायम काळी दिसत असे. ती रेघ पांढऱ्यावर काढलेली होती. म्हणजे पांढरा हाच बैलाचा अखेरचा रंग. आर्वीच्या सुताराने आपल्या डोळ्यांसमोरचा गवळाऊच केला होता. आमचा तांबडा कधीच तांबडा नव्हता.

मी भिंगातून खिडकीची कड पाहिली. लाखेच्या थरांमध्ये ठिकठिकाणी लाल कण अडकलेले होते. हे काय, ते समजायला वेळ लागला नाही. तान्ह्या पोळ्याला पूजा होई, कुंकू लागे. मग नंदी पुसून कोनाड्यात जाई. पुढच्या चैत्रात आजोबा लाखेचा हात देत आणि पुसताना राहिलेले कुंकू त्या हाताखाली कायमचे बंद होई. वर्षाला एक थर, आणि त्याखाली एका वर्षाचे कुंकू. तांबड्याचा तांबडेपणा सगळाच लाखेचा आणि तेलाचा नव्हता.

आता प्रश्न इतिहासाचा राहिला नाही, कर्तव्याचा झाला. सगळे थर उतरवून सुताराचा पांढरा बैल मोकळा करायचा, की ठेवायचा? माझा मुलगा म्हणाला, मूळ रंग तो खरा रंग. त्याचे चूक नव्हते. सुताराच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवे. मी खिडकी आत्याला दाखवली. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “असंन बापा पांढरा. पण मी त्याले तांबडाच पाह्यला. आता कायले घासून राह्यला त्याले? माह्या बापाचे हात हायेत ते.”

‘हात’ हा शब्द तिने रंगाऱ्याच्या अर्थाने वापरला की दुसऱ्या, हे मी विचारले नाही.

अजिंठ्याच्या भिंतीवरचा थर आणि आमच्या नंदीवरचा थर यांत मला फरक वाटतो तो इथे. अजिंठ्यावर तो बाहेरून, एकदाच, पाहणाऱ्याच्या सोयीसाठी आला. चित्रकाराच्या कामाशी त्याचा संबंध नव्हता. तांबड्यावरचा थर ही वापरातल्या वस्तूची दरसालची निगा होती. तो काढला तर सुतार परत मिळतो, पण चाळीस-पन्नास वर्षांची निगा बोळ्यांबरोबर फेकली जाते, आणि ती पुन्हा करता येत नाही. जे पुन्हा करता येत नाही ते घाईने काढू नये, एवढेच मला पुरते समजले आहे. माझ्या नातवाला वेगळे वाटले तर थर तिथेच आहेत, खिडकीही तिथेच आहे.

नवा हात मात्र द्यायलाच हवा होता. उघडी खिडकी आणि तडकलेली लाख दोन्ही पाणी प्याली असती. लाख पुन्हा द्यावी तर तिचे स्पिरिट जुन्या लाखेत मुरणार आणि नवे-जुने कायमचे एक होणार. लॅकर मी एकदा मारून पाहिलेच आहे. शेवटी मधमाशीचे मेण टर्पेंटाईनमध्ये पातळ करून मऊ फडक्याने लावले. टर्पेंटाईन लाखेला विरघळवत नाही, लॅकरलाही नाही. म्हणून हे मेण कधीही, खालच्या कोणालाही न दुखवता, टर्पेंटाईननेच पुसता येईल. मेण मऊ आहे, वर्षभरात त्यावर धूळ बसेल, दर चैत्रात पुन्हा लावावे लागेल. तो त्याचा दोष असेल. मला तो सोयीचा वाटला. कोनाड्याऐवजी त्याला आता खिडकीशेजारच्या काचेच्या कपाटात जागा दिली आहे, उजेडात पण उन्हात नाही.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला झड होतीच. पुतण्याच्या धाकट्या पोराने तांबड्याला चिखलातून तोरणापर्यंत ओढत नेले आणि बोजाऱ्याचे पैसे मुठीत घेऊन परत आणले. अंगावर थेंब होते, ते मेणावरून ओघळून गेले. आत्याने त्याला ओल्या फडक्याने पुसला, कुंकू लावले. मी पोटाखालची खिडकी पाहून घेतली. कुंकवाचा एक कण तिथेही गेला होता. तो मी तसाच राहू दिला.